कड्यावरची कबुतरं

दारातून बाजूला हो म्हणून तीनदा ओरडूनही पोरगी हलली नाही, तेव्हा ड्रिलवाल्याने चौथ्यांदा तोंड उघडलंच नाही. त्याच्या खांद्यावर ड्रिलच्या लोखंडी सळया होत्या, पंचवीसेक किलोचं ओझं. मोकळ्या हाताने त्याने तिच्या पाठीत असा रपाटा घातला की ती पायरीवरून थेट खडीवर तोंडघशी पडली. साडेतीन वर्षांच्या जिवाचं वजन ते केवढं! खालचा ओठ फाटला.

"माजलीये नुसती," म्हणत त्याने सळया भिंतीला टेकवल्या आणि तो हात धुवायला गेला.

आईने पोरीला उचललं. ओठातून रक्त गळत होतं, पण आईच्या डोळ्यांसमोरून दुसरंच काही हलत नव्हतं. रपाटा बसेपर्यंत पोरगी पायरीवर बसून मुंग्यांची रांग बघत होती. पाठीमागून बापाच्या तीन हाका आल्या आणि तिचा खांदासुद्धा हलला नाही. घाबरलेलं मूल मान आत घेतं, हट्टी मूल मान ताठ करतं. हिने यातलं काहीच केलं नव्हतं.

घर खाणीच्या काठापासून पाचशे पावलांवर. सकाळी सातला कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, त्याच्या जोडीला क्रशर, मग डंपर. दिवे लागेपर्यंत भिंती थरथरत असायच्या. या घरात बोलणं कमी, ओरडणं जास्त आणि हातवारे त्याहून जास्त. जेव म्हणायचं तर बोटं तोंडाशी न्यायची, ये म्हणायचं तर दंड फिरवायचा, गप्प बस म्हणायचं तर मूठ दाखवायची. पोरीने हे सगळं दहाव्या महिन्यातच उचललं होतं आणि शेजारपाजारच्या बायका तोंडात बोट घालायच्या, काय हुशार आहे म्हणून. हाक मारली तरी थांबत नाही, गरगर फिरत राहते, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. बोलायला उशीर लावला तेव्हा सगळे म्हणाले, बापावर गेलीये, बोलेल आपसूक. दुसऱ्या कुठल्याही घरात वर्षभरात कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकली असती. इथे कुणाला काही कळलं नाही, कारण इथे सगळेच तसे वागत.

त्या संध्याकाळी क्रशर बंद झाल्यावर आईने पोरीला चित्रांचं पुस्तक दिलं आणि तिच्या मागे जाऊन बसली. ताट आपटलं, पोरगी वळली. चमचा टाकला, वळली नाही. नावाने हाक मारली, वळली नाही. कुजबुजली, "भिंगरी, तुझ्या ओठाला दुखतंय का गं?" पोरीने पुस्तकाचं पान उलटलं.

कोपऱ्यात खाटेवर सासरा बसला होता. खाणीवर त्याला सुरुंगदादा म्हणत. तीस वर्षं त्याने दगडात दारू ठासली होती आणि बदल्यात उजव्या हाताची दोन बोटं आणि दोन्ही कान दिले होते. त्याला आता डोक्यावर ढग फुटला तरी कळलं नसतं. सून काय करते आहे हे तो शेवटपर्यंत बघत राहिला. मग त्याने नातीकडे बोट दाखवलं, आपल्या कानाला हात लावला आणि पंजा पालथा केला.

पोरीची आई कॉलेज शिकलेली. खाणीवर एवढं शिकून आलेली ती एकटीच, म्हणून मुकादमाने तिचं नावच 'कॉलेज' ठेवलं होतं, आणि मग जो तो तेच म्हणू लागला. पोरीचे कान तपासायला नवऱ्याला राजी करायला तिला आठ दिवस लागले आणि दोनदा जेवणाचं ताट अंगणात गेलं.

"माझी पोरगी बहिरी नाहीये!"

"नसेल तर तसं लिहून देतील की. तेवढाच कागद मिळेल."

शेवटी तो आला, पण का आला ते तिला माहीत होतं. ती एकटी गेली तर तिथे काय बोलेल याचा त्याला भरवसा नव्हता.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात, भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत, चष्मा लावलेली एक शांत बाई बसायची. तिने पोरीला लाकडी ठोकळे दिले. आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. तासभर चालला. मग तिने कागद पुढे ओढला.

"हे बघा. आडवं बघाल तर डावीकडे जाड आवाज, ढोलासारखे. उजवीकडे जाल तसा आवाज बारीक होत जातो, शिट्टीपर्यंत. उभं बघाल तर वर कुजबुज आणि खाली तुमचा तो डंपर. जितका जोर लावल्यावर पोरीला ऐकू आलं, तितकी खाली मी खूण केली."

खुणा कागदाच्या मध्याच्या खाली होत्या.

"म्हणजे बहिरी आहे?" आईने विचारलं.

"तुमच्याकडे तो एकच शब्द आहे. माझ्याकडे पायऱ्या आहेत. खुणेचा आकडा पंचविसापर्यंत असेल तर ठीक. चाळिसापर्यंत सौम्य, म्हणजे कुजबुज निसटते. सत्तरपर्यंत मध्यम, म्हणजे समोर बसून बोललेलंही अर्धंमुर्धं. नव्वदपर्यंत तीव्र. त्यापुढे आवाज ऐकू येत नाही, अंगाला जाणवतो फक्त. ही पासष्टवर आहे. ओरडलं तर कळतं कुणीतरी ओरडलं म्हणून. काय ओरडलं ते कळत नाही."

काय ओरडलं ते कळत नाही. आईच्या डोळ्यांसमोर तो रपाटा परत आला.

"मशीन लावलं की बरी होईल?"

"बरी नाही होणार. कान आहे तोच राहणार. कानामागे एवढंसं मशीन बसतं, त्यात माइक. तो आवाज पकडतो. आतली चिप हा कागद पाठ केल्यासारखी काम करते. जिथे हिला कमी ऐकू येतं तिथे तेवढंच वाढवते आणि नळीतून कानात सोडते. सगळं सरसकट वाढवलं तर भांडं पडलं तरी पोर किंचाळेल, म्हणून मोठा आवाज आला की मशीन तो दाबतं. तरी सुरुंगाच्या वेळी काढून ठेवायचं. आणि धीर धरायचा. इतकी वर्षं डोक्याला आवाजांची ओळखच नाही. एकेक ओळख करून द्यावी लागेल."

बोलता बोलता ती बाई उठून कपाटाकडे गेली. ड्रिलवाला दाराशी भिंतीकडे तोंड करून उभा होता, भिंतीवरचं कानाचं चित्र बघत. त्याच्या पाठीमागे येऊन तिने साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही बसत का नाही?"

तो चित्र बघत राहिला.

तिने एकदा आईकडे बघितलं. मग पुढे होऊन त्याच्या समोर आली आणि हसून म्हणाली, "मशीन कानात बसायला कानाच्या मापाचा साचा लागतो, पण पोरगी त्यासाठी कानात लगदा घालू देत नाहीये. तुम्ही जरा डोक्याला हे हेडफोन लावून बसा. बाप बसला की ती बसेल."

तो बसला. तिथेच फसला. दहा मिनिटांनी दुसरा कागद तयार झाला. त्यावरची रेघ डावीकडे अगदी सपाट होती, कुणाही माणसासारखी, आणि मग उजवीकडे एकदम तुटून खाली गेली होती, खाणीचा कडा तुटतो तशी.

"ड्रिलवर किती वर्षं?" बाईने विचारलं.

"चौदा."

"तुम्हाला ड्रिल ऐकू येतं, डंपर ऐकू येतो, सुरुंग ऐकू येतो. माणूस बोलतोय हेही कळतं. पण बायकांचं, पोरांचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं, हो ना? पाखरं, घड्याळाची टिकटिक हे सगळं या कड्याखाली गेलंय. शिट्टीही." तिने बोट टेकवलं. "खाणीत इशारा कशाने देतात?"

ड्रिलवाला उठला. कागद घेतला. आधी दोन, मग चार तुकडे केले.

"तुमचं मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

एसटीच्या स्टँडवर त्याने बायकोचा दंड धरला. दुरून बघणाऱ्याला वाटावं, गर्दीत हात धरलाय. बोटं हाडापर्यंत रुतली होती. "मुकादमाच्या कानावर एक शब्द गेला ना," तो दात न उघडता म्हणाला, "तर मला घमेली उचलायला बसवतील. ड्रिल काढून घेतील. मग तुला त्याच सळईने सोलून काढीन. समजलं?" चार निळे डाग पंधरा दिवस दंडावर राहिले. कागदाचे चार तुकडे तिने दवाखान्यातच उचलून पिशवीत टाकले होते. तिने ते डाळीच्या डब्याच्या बुडाशी ठेवले.

आणि बघायला लागली. तो घरात असला की तिचे डोळे त्याच्यावर. तिने चुलीकडे तोंड करून काही म्हटलं की तो खेकसायचा, "काय पुटपुटतेस माझ्या नावाने?" आणि हाताला लागेल ते फेकायचा. सात वर्षं ती समजत होती की हा माणूस मुळातच संशयी. आता तिला कळत होतं की तिच्या प्रत्येक वाक्यातली अर्धी अक्षरं त्या कड्यावरून खाली पडत होती, आणि उरलेल्या अर्ध्यांतून तो शिवी जुळवत होता. कळल्याने मार कमी लागत नव्हता.

पण एक कोडं सुटत नव्हतं. शिट्टी ऐकू येत नाही, तर चौदा वर्षं हा जिवंत कसा?

ते सासऱ्याने सांगितलं. महिन्याभराने दवाखान्याच्या योजनेतून भिंगरीची मशीनं आली, गुलाबी साच्यांची, वालाच्या दाण्याएवढी. पहिल्या दिवशी पोरगी केरसुणीला घाबरली. दुसऱ्या दिवशी घागरीत पाणी पडताना हात घालून बघत बसली, आवाज कुठून येतो म्हणून. तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच रडण्याने दचकून रडायची थांबली आणि मग परत मुद्दाम रडून बघितलं. मशीनला ती 'का' म्हणायची. आईने 'कान' शिकवलं होतं, त्यातला 'का' तेवढा आला होता. सकाळी उठली की डोक्याला हात लावून मागायची, "का! का!"

त्या दिवशी म्हाताऱ्याने हात पुढे केला. सुनेने एक मशीन त्याच्या तीन बोटांत ठेवलं. त्याने ते कानाशी धरलं, डोळे मिटले, बराच वेळ धरून बसला. मशीन कुईं करून शिटत होतं. घरभर ऐकू येत होतं, त्याला सोडून. जिथे काही उरलंच नाही तिथे ते तरी काय वाढवणार? त्याने ते आपल्या सदऱ्याला पुसलं आणि अंड्यासारखं जपून परत दिलं.

"तुमच्या लेकालाही हवंय," ती त्याच्या समोर बसून, ओठ हलवत, कानाला हात लावत म्हणाली. "शिट्टी. त्यांना शिट्टी ऐकू येत नाही."

म्हातारा हसला. बहिरी माणसं बोलतात तसा आवाजाचा अंदाज नसलेला बोलला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. "मला तरी कुठे येत होती? कडा बघायचा! कबुतरं!" त्याने दोन्ही हातांचे पंख केले. खाणीच्या वरच्या कड्यात शे-दोनशे कबुतरांची घरटी होती. शिट्टी वाजली की सगळी एकदम उडायची. बहिऱ्याला शिट्टी नको, कबुतरं पुरतात. "मीच शिकवलं त्याला. तो बघतो कबुतरं. बाकीचे बघतात त्याला. तो पळाला की सगळे पळतात!"

तिने मनात माणसं मोजली. खालच्या खड्ड्यात सात माणसं कामाला असायची.

डबा घेऊन ती रोज खाणीच्या काठावर जायची. एक दिवस पोरीला बरोबर नेलं, कारण घरी म्हाताऱ्याला ताप होता. काठावरून बघितलं तर खाण म्हणजे तीन पायऱ्या. वर कडा, मध्ये सपाट मजला, आणि सगळ्यांत खाली खड्डा, जिथे ड्रिल चालायचं. सुरुंगाची वेळ ठरलेली नसे. डंपर कधी मोकळे होतील त्यावर कधी बाराला, कधी तीनला. पहिली शिट्टी म्हणजे बाहेर या. मग क्रशरच्या मागे बसलेला मुकादम तीनशे अंक मोजायचा आणि वात पेटवायची खूण करायचा. शेवटची शिट्टी म्हणजे सगळे बार उडाले, आता या.

ड्रिलवाला वर येऊन जेवत होता. खालची माणसंही बिड्या ओढत बसली होती. मुकादम काहीतरी टिंगल करत होता. आणि दगडांशी खेळणाऱ्या भिंगरीने एकदम मान उचलली, कानाला बोट लावलं आणि क्रशरकडे बघून म्हणाली, "शी!"

एक क्षण गेला. मग कड्यावरून कबुतरं उठली.

"अरे वा!" मुकादम मांडीवर थाप मारत ओरडला. "शिट्टीवाला तिकडे शिट्टी तपासतोय आणि पोरीने आधी पकडली! ड्रिलवाले, लेक तुझ्या पुढे गेली रे!"

माणसं हसली. ड्रिलवाला हसला नाही. घास तोंडात तसाच होता. तो कबुतरांकडे बघत होता, मग त्याने पोरीकडे बघितलं, मग परत कबुतरांकडे. चौदा वर्षं त्याला वाटलं होतं की कबुतरं आणि शिट्टी एकदमच असतात. आज त्याने त्या दोघांच्या मधली फट बघितली होती, आणि त्या फटीत त्याची साडेतीन वर्षांची पोरगी उभी होती.

संध्याकाळी तो घरी आला तो सरळ पोरीकडे गेला. डाव्या कानाचं मशीन असं ओढलं की साचा कानाच्या पाळीला ओरबाडत निघाला. पोरगी किंचाळली.

"शिकवून आणलीस तिला! लोकांत माझी शोभा करायला! बहिरीला ऐकू येतं आणि मला येत नाही, हे दाखवायला!"

"अहो, ती पोर आहे. ती काय—"

"पुटपुटू नको!"

अंगणात छिन्न्यांना धार लावायचा दगड होता. त्याने त्यावर मशीन ठेवलं आणि घण उचलला. तिने विचार केला नाही. करायला वेळच नव्हता. ती धावली आणि मशीनवर डावा हात ठेवला, झाकण ठेवावं तसा. त्याने बघितलं. घण वर होता तेव्हाच त्याने बघितलं. पुढे आयुष्यभर तिला याची खात्री राहिली. सात किलोचा घण वरून निघाला की माणसाला थांबवता येत नाही असं खाणीतली माणसं म्हणतात. त्याने तो थोडासा वळवला. थोडासाच.

दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं. आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. गुलाबी साचा तळहातात घुसला होता आणि मशीनचा भुगा झाला होता.

तो घण टाकून दूर झाला. "हात कशाला घातलास?" तो म्हणाला. परत म्हणाला, "हात कशाला घातलास तू?" जणू तिनेच त्याचं काहीतरी मोडलं होतं.

खाटेवरून म्हातारा हे सगळं बघत होता. आवाज नसलेलं बघत होता. त्याने आपला तीन बोटांचा पंजा वर केला, सुनेकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तोंड फिरवून घेतलं.

उजव्या कानाचं मशीन पोरीच्या कानात होतं. तेवढं वाचलं.

दोन दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, खाण रिकामी असताना वरचा कडा पाडला. चांगला दगड आणखी आतपर्यंत होता म्हणे. एका वेळी बावीस सुरुंग. घरातली भांडी फळीवरून पडली. धूळ बसल्यावर आभाळात कबुतरं दिसली, गोल गोल फिरणारी, बसायला जागा शोधणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हती.

फडक्यात बांधलेला हात छातीशी धरून ती मुकादमाकडे गेली. डाळीच्या डब्यातले चार तुकडे चिकटवून नेले. एसटीच्या स्टँडवरचा दंड आठवत होता, पण आता घाबरायला शरीरात जागा कमी होती.

मुकादमाने कागद उलटा-सुलटा बघितला. "कॉलेज, हे मला कशाला शिकवतेस? खालचे सातही जण बहिरे आहेत. वीस वर्षं बघतोय मी. कान शाबूत असलेला माणूस त्या खड्ड्यात टिकतो का?"

"मग कबुतरं गेली आता. काय करणार?"

"शिट्टी आहे ना? नियमात शिट्टी लिहिलीये. शिट्टी वाजते." त्याने कागद परत दिला. "हे नवऱ्याला दाखवू नको. आणखी दोन बोटं जातील." आणि हसला.

शुक्रवारी ती डबा घेऊन गेली आणि परत आली नाही. काठावर, खड्ड्याच्या बरोबर वर बसून राहिली. पोरगी मांडीवर. मधल्या मजल्यावर सकाळपासून दारू ठासत होते. ड्रिल चालू होतं. खाली सात पाठी वाकलेल्या.

बारा वाजले, एक वाजला. दोनला भिंगरीने मान उचलली. "शी!"

तिने स्वतःही ऐकली. लांबलचक, बारीक शिट्टी. खाली एकही मान वर झाली नाही. ड्रिलवाल्याने सवयीने एकदा वर बघितलं, जिथे कडा होता तिथे. तिथे नुसतं आभाळ होतं. त्याने परत ड्रिलवर वजन टाकलं.

एक, दोन, तीन. तिने मोजायला सुरुवात केली.

ओरडली. स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला नाही. डब्याचं फडकं फडकावलं, पण सगळ्या पाठी तिच्याकडे. खाली उतरायची गाडीवाट खाणीला वळसा घालून, पाव तास; माणसं चढायची ती जवळची निसरडी चढण बांधलेल्या हाताने उतरणं अशक्य. मुकादम पलीकडे, क्रशरच्या आड. चाळीस, एक्केचाळीस. तिने पोरीला खाली बसवलं, मोठ्या धोंड्यामागे, आणि मूठ दाखवली: हलायचं नाही. मग एक दगड उचलला.

पहिला ड्रिलपाशी पडून फुटला. कुणाला कळलं नाही; खाणीत दगड पडतातच. दुसरा लांब गेला. तिसऱ्याला तिने नेम धरला. डोक्याचा नको म्हणून खांद्याचा धरला, आणि अख्ख्या सात वर्षांचं वजन त्यात घातलं. तो डोक्यालाच लागला.

ड्रिलवाला गुडघ्यावर बसला. हात डोक्याला लावून समोर धरला, रक्त बघितलं. मान वर केली. काठावर बायको, हातात चौथा दगड.

तिने तो मारला. छातीवर बसला. एकशे दहा.

तो उठला. तोंड वेडंवाकडं झालं होतं. काय ओरडतोय ते तिला ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं, सात वर्षं तीच अक्षरं. त्याने ड्रिलची एक सळई उपसली आणि चढणीकडे धावत सुटला.

"ये!" ती ओरडली. पाचवा दगड त्याच्या पायाशी मारला आणि सहावा उचलून धरला. "ये, मार मला! ये वर!"

आणि तो पळाला, म्हणून खड्ड्यातल्या बाकीच्या सहा जणांनी पाठी सरळ केल्या. ते त्याला बघूनच पळत आले होते आजवर. हत्यारं टाकली आणि सुटले त्याच्या मागे, काय झालंय ते न विचारता.

दोनशे तीस. चढण निसरडी. सर्वांत मागचा माणूस पडला, उठला. दोनशे साठ. ती धोंड्यामागे गेली, पोरीच्या कानातून मशीन काढलं, डाव्या मुठीत धरलं, पोरीचं डोकं पोटाशी दाबलं.

ड्रिलवाला काठावर आला. रक्त डोळ्यात उतरलेलं. सळई त्याच्या हातून वाटेतच कुठेतरी पडली होती. तो आला तसा त्याने हात उगारला आणि तिला चपराक मारली. सगळ्या धावण्याच्या जोरासकट. तिच्या कानशिलात बसली त्याच क्षणी जमीन उचलली गेली.

एका मागून एक बार. दगड आभाळात गेले आणि खड्ड्यात कोसळले, जिथे कॉम्प्रेसर होता, जिथे पाण्याचं पिंप होतं, जिथे सात जोड चपला होत्या. एक मोठा धोंडा ड्रिलवर सावकाश, बसावं तसा बसला.

मग धूळ. धुळीत सहा माणसं खोकत होती.

तिच्या डाव्या कानात एक तार वाजत राहिली होती. तिच्यासमोर तो उभा होता, मारलेला हात अजून अर्धवट वर. तो खड्ड्याकडे बघत होता. नंतर तिच्या हातातल्या दगडाकडे. दगड तिने सोडला नव्हता.

भिंगरी तिचा पदर ओढत होती. "का," ती म्हणाली. "का दे." आईने डावी मूठ उघडली, उरलेल्या तीन बोटांनी, चाचपडत, मशीन तिच्या उजव्या कानात बसवलं.

सगळे थांबले होते, कारण अजून शेवटची शिट्टी व्हायची होती. सगळे बार उडाले की नाही ते त्या शिट्टीवरून कळायचं. ड्रिलवाल्याने मान वर करून आभाळ बघितलं. रिकामं. मग त्याचे डोळे हळूहळू खाली आले आणि पोरीवर येऊन थांबले.

पोरीने मान वळवली. बोट कानाला लावलं. "शी."

ड्रिलवाल्याने एक पाऊल टाकलं. त्याच्यामागे सहा जणांनी एक पाऊल टाकलं.

आईने ते बघितलं. ती नजर तिने ओळखली. चौदा वर्षं तो कड्याकडे याच नजरेने बघत आला होता. उद्या तो म्हणेल, पोरीला डब्याबरोबर आणत जा. मुकादम म्हणेल, बसू दे तिला सावलीत, काही बिघडत नाही. म्हातारी होईपर्यंत ही इथे काठावर बसेल आणि मान वळवेल.

तिने पोरीला उचललं आणि तिचं तोंड आपल्या खांद्याकडे फिरवलं. मग त्याच्या अगदी समोर गेली, त्याला ओठ दिसतील इतकी. गालावर त्याची पाचही बोटं उठली होती. ती ओरडली नाही. एकेक शब्द वेगळा करून बोलली, शहरातली ती बाई बोलली होती तसा.

"ही कबूतर नाहीये. सोमवारी दवाखान्यात यायचं. स्वतःचे कान घेऊन."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. रक्त त्याच्या हनुवटीवरून थेंबथेंब पडत होतं. "काय?" तो म्हणाला.

ऐकू आलं नाही म्हणून चौदा वर्षांत त्याने हा शब्द कुणाहीसमोर उच्चारला नव्हता. मागच्या सहा जणांनी तो ऐकला की नाही कुणास ठाऊक.

तिने परत सांगितलं, पहिल्यासारखंच, सावकाश. उजव्या हातातला दगड तिने अजून खाली टाकला नव्हता.